फॉसिल रॉकला जाताय? वर चढायच्या आधी पायथ्याशी वाका

यूएईत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनमध्ये फॉसिल रॉकचा एक तरी फोटो असतोच. लाल वाळू, मागे करडा-पांढरट डोंगर, पुढे मित्राची लँड क्रूझर नाहीतर भाड्याची क्वाड बाईक आणि तिच्यावर सुट्टीत आलेला भाचा. फोटोत वाळू असते, डोंगर असतो, भाचा तर असतोच असतो, फक्त फॉसिल नसतं. डोंगराला ज्याच्यामुळे हे नाव पडलं ती गोष्टच बघायची राहून जाते आणि लोक घरी येऊन सांगतात की मस्त होतं, वाळूत गाडी काय उडाली. गाडी उडवायला माझी ना नाही. पण एवढं लांब जाताच आहात तर अर्धा तास खाली उतरून दगड बघा, आणि तोही शिखरावरचा नाही तर पायथ्याचा, एवढंच सांगायला ही पोस्ट लिहितोय. लांब झालीय, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगतो. शारजातून धैदच्या दिशेनं निघालात आणि मग मलीहाकडे वळलात की साधारण तासाभरात सपाट वाळवंटात मध्येच डोंगरांची एक बारीक रांग दिसायला लागते. उत्तरेकडे जेबेल मलीहा, म्हणजे आपला फॉसिल रॉक, मग जेबेल फाया आणि आणखी खाली दक्षिणेला जेबेल बुहैस. पश्चिमेला लाल टेकाडं, पूर्वेला खडकाळ मैदान आणि त्याच्या पलीकडे हजर पर्वताची काळसर भिंत, ओमानपर्यंत गेलेली. ही छोटी रांग आणि तो मोठा हजर पर्वत यांचं नातं काय हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं, माहीत करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं.

मी रेडी-मिक्स काँक्रीटच्या लॅबमध्ये असतो. म्हणजे दिवसभर खडी, वाळू, सिमेंट, क्यूब भरा, क्यूब फोडा आणि साइटवरून फोन आला की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा पातळपणा, का कमी आला याची उत्तरं द्या. जिऑलॉजी शिकलो ती डिप्लोमाला, तीही पास होण्यापुरती. पण खडी मात्र रोज हातात असते. इकडे दोन प्रकारची जास्त येते, एक फिकट रंगाची चुनखडीची, रास अल खैमाकडची, आणि दुसरी काळपट-हिरवट, जड, फुजैराच्या बाजूच्या क्वारीतली, तिला गॅब्रो म्हणतात. लॅबमध्ये दोन्ही एका बाकावर ठेवून फिकटवर डायल्यूट अॅसिडचा थेंब टाकला की फसफस होते, काळ्यावर टाकला तर काहीच नाही, तो तसाच बसून राहतो. नवीन पोरगा जॉइन झाला की आम्ही त्याला ही गंमत पहिल्या दिवशी दाखवतो. या दोन दगडांची गाठ निसर्गात कुठे पडते हे मात्र मला एका काकांनी दाखवलं.

काका म्हणजे आमच्या मंडळातले, मूळचे नागपूरचे, अबुधाबीला तेल कंपनीत जिऑलॉजिस्ट म्हणून सबंध नोकरी काढलेली, आता रिटायर होऊन मुलाकडे शारजाला. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत ओळख झाली आणि मी रेडी-मिक्सचा म्हणल्यावर ते म्हणाले, "अरे मग तू रोज समुद्रतळ मिक्सरमध्ये घालतोस की!" मला वाटलं मस्करी करतायत. तर नाही. गॅब्रो तयार होतो तो महासागराच्या तळाखाली, कित्येक किलोमीटर खोल, मॅग्मा सावकाश थंड होऊन. तो आपल्याला सहसा दिसायलाच नको. पण ओमान आणि यूएईच्या या भागात सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वी एक अजब प्रकार झाला. इथे जो टेथिस नावाचा महासागर होता तो आकसायला लागला आणि त्याच्या तळाचा एक मोठा तुकडा, वरच्या कवचापासून त्याच्या खालच्या थरापर्यंत, म्हणजे मँटलपर्यंत, अरबस्तानच्या खाली जायच्या ऐवजी अरबस्तानच्या अंगावर चढला. त्याला सेमाइल ओफिओलाइट म्हणतात, जगातला या प्रकारचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला उघडा पडलेला तुकडा, पाचशे किलोमीटरहून लांब. जगभरातले जिऑलॉजिस्ट तो बघायला येतात आणि आम्ही तो ट्रकनं मागवतो आणि बिल पास करतो.

तर काकांनी थंडीत एका रविवारी सकाळी आम्हाला नेलं, फॉसिल रॉकला नाही, आधी बुहैसला. (शारजात सरकारी लोकांना शुक्र-शनि-रवि तीन दिवस सुट्टी असते, आम्हा प्रायव्हेटवाल्यांना रविवारच, त्यामुळे सगळ्यांचा म्हणून रविवार.) मी आपला बूट बांधून वर बघतोय की वाट कुठून आहे, तर काका म्हणाले, "वर काय बघतोस, दगड खालून वाचायचा असतो." आणि ते सरळ उतारावरच्या घसाऱ्याकडे चालायला लागले.

तिथे जे बघितलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हेच खरं आहे, बाकी सगळं मसाला.

सगळ्यात खाली काळपट-हिरवा, मध्येच जांभळट मारणारा, भुसभुशीत झालेला दगड. हात लावला तर गुळगुळीत, जवळजवळ साबण लावल्यागत, आणि त्याच्यात पांढऱ्या शिरांचं जाळं. हा सर्पेंटिनाइट, म्हणजे मँटलचा दगड पाण्यानं बदलून झालेला. ओफिओलाइटचाच भाग, आमच्या गॅब्रोचा खालच्या मजल्यावरचा शेजारी म्हणा. त्याच्यावर एक लालसर-तपकिरी थर, कुठे चांगला जाड तर कुठे अगदी पातळ. या थराला गोट्यांचा थर म्हणायला हरकत नाही, कारण तो गोट्यांनी भरलेला आहे, लहानमोठे, पण कडा झिजून गोल झालेले, आणि त्यातले बरेच गोटे खालच्याच काळ्या-हिरव्या दगडाचे. आणि त्याच्यावर, एकदम, फिकट पिवळसर-पांढरी चुनखडी, आणि मग वरपर्यंत तीच. जिऑलॉजीवाले या गोट्यांच्या थराला कहला फॉर्मेशन म्हणतात आणि वरच्या चुनखडीला सिमसिमा फॉर्मेशन. फॉसिल रॉकचं सगळं नाव या सिमसिमावर चाललंय.

काकांनी मला विचारलं, "लॅबवाला ना तू, गोटे गोल का ते सांग." मी म्हणलं पाण्यानं घोळवलेत. "कुठल्या पाण्यानं?" इथे माझी गाडी अडली. मग त्यांनी सांगितलं. महासागराचा तळ जमिनीवर चढला, समुद्राच्या वर आला, त्याची बेटं झाली. ती बेटं ऊन-पावसात लाखो वर्षं झिजत राहिली, दगडातलं लोखंड गंजून माती लाल झाली, ओढ्यांनी गोटे खाली आणले, किनाऱ्यावर लाटांनी ते घोळवले. मग समुद्र परत वर आला आणि ती बेटं हळूहळू बुडवली. म्हणून हा थर म्हणजे चक्क एक बीच आहे. तुम्ही उभे असता वाळवंटात, समुद्र पन्नासेक किलोमीटर लांब, आणि तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर 7 कोटी वर्षांपूर्वीचा किनारा आडवा पडलेला असतो. त्याच्या वरची चुनखडी मग उथळ, उबदार, स्वच्छ पाण्यात साठली. गढूळ पाणी नाही, नदीचा गाळ नाही, फक्त शिंपले, प्रवाळ, बारीक जीव, त्यांचे सांगाडे, त्यांचा चुरा. म्हणजे वरचा अख्खा डोंगर हा तसा मेलेल्या जिवांचाच ढीग आहे, दगड वेगळा असा काही नाहीच त्यात.

फॉसिल दिसायला मात्र डोळा बसावा लागतो. पहिली दहा मिनिटं मला काहीही दिसलं नाही. करडा खडबडीत दगड, बस. मग काकांनी बाटलीतलं थोडं पाणी एका सपाट भागावर ओतलं आणि दगडाचा रंग गडद झाला आणि त्यातून आकार वर आले, गोल, लांबट, जाळीदार, एकात एक वर्तुळं. कोरडं झालं की परत गायब. ही ट्रिक लक्षात ठेवा, तिला ना परवानगी लागते ना पैसे. आणि जाताना सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, उन तिरपं असलं की दगडातून बाहेर आलेल्या कडा सावलीनं ओळखू येतात, दुपारी बारा वाजता सगळं सपाट पांढरं दिसतं आणि डोकं दुखतं ते वेगळंच.

पहिली गोष्ट जी मला स्वतःला ओळखता आली ती लॉफ्टुसिया. आकारानं खारीक, अगदी खारीकच, दोन्ही टोकांना निमुळती, काही बोटाच्या पेराएवढ्या तर काही त्याहून मोठ्या. तुटलेली असेल तर आत गुंडाळीसारखे पापुद्रे दिसतात. मी म्हणलं हा शिंपला की बी? काका हसले. हा एकपेशीय जीव आहे. एक पेशी! अमीबाच्या भाऊबंदांपैकी, फोरामिनिफेरा नावाचा गट, यांच्यातले बहुतेक सगळे मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात आणि हा गडी मुठीत धरता येतो. नाव पडलं ते विल्यम लॉफ्टस या इंग्रज माणसावरून, एकोणिसाव्या शतकात इराण-इराकच्या सीमाभागात फिरताना त्यानं हे नमुने गोळा केले होते, आणि हाच माणूस इराकमधल्या उरुक शहराचं पहिलं उत्खनन करणारा. त्या काळी लोक एका फेरीत काय काय उरकायचे.

दुसरी गोष्ट रुडिस्ट, आणि या डोंगराचे खरे मालक हेच. रुडिस्ट म्हणजे शिंपल्याच्याच जातीचा प्राणी पण शिंपल्यासारखा अजिबात न दिसणारा. दोन शिंपांपैकी खालची लांब वाढून शिंगासारखी किंवा नळकांड्यासारखी होते, ती तळाच्या चिखलात रोवलेली, आणि वरची शिंप फक्त झाकण म्हणून. असे हजारो एकमेकांना चिकटून उभे राहायचे. आज जे काम प्रवाळ करतात, उथळ समुद्रात कडे बांधायचं, ते त्या काळात बऱ्याच ठिकाणी यांनी हातात घेतलं होतं. दगडात त्यांचा आडवा छेद दिसतो, जाड भिंतीचं वर्तुळ आणि भिंतीत बारीक जाळी. एकदा ओळखता आलं की मग पायाखाली, हाताखाली, बसायच्या दगडात, सगळीकडे तेच दिसायला लागतात आणि चालणं अवघड होतं.

रुडिस्टबद्दल एक गोष्ट वाचलेली मला फार आवडते. मध्य ओमानात सायवान म्हणून जागा आहे, तिथल्या एका रुडिस्टच्या शिंपेवर ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी काम केलं, 2020 साली छापून आलं. या शिंपा रोज एक बारीक रेघ वाढायच्या, झाडाला वर्षाला एक कडं पडतं तसं, पण इथे रोज. लेझरनं त्या रेघा मोजल्या तर वर्षाला 372 निघाल्या. म्हणजे 7 कोटी वर्षांपूर्वी वर्षात 372 दिवस होते आणि दिवस साडेतेवीस तासांचा. वर्ष तेवढंच, पण पृथ्वी स्वतःभोवती जरा जोरात फिरत होती, चंद्राच्या ओढीनं येणाऱ्या भरती-ओहोटीनं तिचा वेग हळूहळू कमी होत आलाय. एका मेलेल्या शिंपल्यानं नऊएक वर्षांच्या आयुष्यात हजेरीपट भरून ठेवला आणि तो आपण वाचला. आमच्या साइटवर तीन महिन्यांपूर्वीची टाइमशीट सापडत नाही.

आता जरा आपल्याकडचं. मी साताऱ्याचा. आम्ही काळ्या दगडात वाढलेली माणसं, घराची जोती काळी, विहीर काळी, गड काळे, पाटा-वरवंटा काळा. लहानपणी दगडात कधी शिंपला बघितल्याचं आठवत नाही आणि दिसणार तरी कसा, सह्याद्री हा लाव्हाचा, थरावर थर ओतलेला. महाराष्ट्रात फॉसिल नाहीत असं नाही, गडचिरोलीत सिरोंच्याकडे वडदमला डायनासोरची हाडं आणि दगड झालेले लाकडाचे ओंडके आहेत, नागपूरच्या बाजूला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातही सापडतात (काकांनी हे दोनदा सांगितलं, नागपूरचे ना). पण पश्चिमेकडच्या आमच्यासारख्यांना दगड म्हणजे बसाल्ट, एकच एक. त्यामुळे दगड वाचायची सवयच नाही.

पण तारखा बघा. ही सिमसिमाची चुनखडी साठत होती तो काळ क्रिटेशियसचा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाचा, अगदी शेवट. आणि आपला दख्खनचा लाव्हा मुख्यतः ओतला गेला तो 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास, दहा लाखांपेक्षा कमी वर्षांत, आज झिजून झिजून उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर. म्हणजे इथे समुद्रात रुडिस्टांची वस्ती भरात होती तेव्हा प्रतापगड ज्या दगडावर उभा आहे तो दगड अजून पृथ्वीच्या पोटात होता. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, एकटा, बेटासारखा, उत्तरेकडे सरकत चाललेला. मग काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, मेक्सिकोत उल्का पडली, डायनासोर गेले. त्यांच्याबरोबर रुडिस्टही गेले, एकूण एक, कायमचे, त्यांच्यासाठी मात्र कुणी खेळणी काढली नाहीत. या सगळ्या संहारात दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा हात किती यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. बहुतेकांचं बोट उल्केकडे आहे, पण आपल्या सह्याद्रीचं नाव आरोपपत्रात आहे हे नक्की. बुहैसच्या उतारावर बसून थर्मासमधला चहा पिताना हे ऐकलं आणि थोडं ओशाळल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

आणखी एक योगायोग. 2025 च्या जुलैमध्ये पॅरिसला युनेस्कोचं अधिवेशन झालं, त्यात शिवरायांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस दुसरं काही नव्हतं. त्याच अधिवेशनात, त्याच यादीत, ही फायाची रांगही आली. त्याची मंडळात कुणाला खबर नाही, आणि आपण राहतो इथे! फायाला दर्जा मिळाला तो फॉसिलसाठी नाही, माणसांसाठी. जेबेल फायाच्या पायथ्याशी चुनखडीच्या कपारीत उत्खनन झालं, त्यात सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं निघाली आणि 2011 साली ते जाहीर झालं तेव्हा बरीच खळबळ झाली, कारण आफ्रिकेतून माणूस बाहेर पडला तो कधी आणि कुठल्या वाटेनं हा हिशेबच त्यामुळे परत मांडावा लागला. बुहैसला सात हजार वर्षांपूर्वीची मोठी दफनभूमी आहे. मलीहाच्या म्युझियमच्या आवारातच चार हजारांहून जास्त वर्षं जुनी गोल दगडी कबर आहे, इमारतच तिच्याभोवती बांधलीय. माणसं इथे परत परत का आली असतील? डोंगराची सावली, कपारी आणि पाणी. पावसाळी काळ यायचे तेव्हा इथे गवत असायचं, झरे असायचे. आजही रांगेच्या आसपास घाफची झाडं दिसतात, म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला आम्ही इथे कुठून पानं आणायची म्हणून रडत होतो आणि हे झाड इथलं राष्ट्रीय झाड निघालं.

हा डोंगर वर कसा आला तेही सांगून टाकतो. चुनखडी साठली तेव्हा आडवी होती. पुढे अरबस्तान उत्तरेला इराणच्या बाजूवर रेटायला लागला, झाग्रोस पर्वत उभा राहिला तो त्यातूनच, आणि त्या रेट्यानं इथले थरही वाकले, मध्ये फुगवटा आला. फुगवट्याचा माथा तडकला, झिजून गेला, त्यामुळे आतला काळा-हिरवा दगड उघडा पडला आणि बाजूंना चुनखडीचे तिरके कडे उरले. म्हणून बुहैसला खालचा आणि वरचा दगड एकत्र दिसतात, नाहीतर सिमसिमा पश्चिमेकडे वाळूखाली जी जाते ती थेट अबुधाबीच्या वाळवंटात खोलवर. तिथे शाह नावाच्या तेलक्षेत्रात याच सिमसिमाच्या भोकाभोकांत तेल आहे. काका म्हणाले, "मी हा दगड नोकरीभर चार इंची कोअरमध्ये, म्हणजे विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नळकांड्यात बघितला, पेटीत ठेवलेला, नंबर टाकलेला. इथे आलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण कशातून भोक पाडत होतो." मग गप्प बसले आणि चकली मागितली.

नंतर आम्ही फॉसिल रॉकलाही गेलो. वर चढणारे चढतात, दगड धारदार आहे, हात सोलतात, वरून वाळू फार देखणी दिसते, लाल रंग वाळूच्या कणांवर चढलेल्या लोखंडाच्या गंजाचा. एवढं पुरे वरचं.

एक विषय मात्र जरा स्पष्ट बोलायला हवा. आमच्याबरोबर शेजारच्या वहिनी होत्या, त्यांना समुद्री अर्चिन या काटेरी गोल प्राण्याचं एक सुंदर फॉसिल दिसलं, पालथ्या वाटीएवढं, पाठीवर पाच पाकळ्यांचं नक्षीकाम अगदी कोरल्यागत. त्या म्हणाल्या, "भावजी, एक उचलला तर काय कमी होणार आहे डोंगराचं? याच्या शाळेच्या प्रोजेक्टला होईल." आणि मुलगा तर आधीच खिसा उघडा धरून उभा. काकांनी मुलाला जवळ बसवलं आणि म्हणले, हा कुठल्या थरात आहे बघ, याच्या बाजूला काय आहे बघ, आता याचे चारही बाजूंनी फोटो काढ, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. तो जागेवर आहे तोवर त्याच्यावरून समुद्र किती खोल होता, तळ वाळूचा होता की चिखलाचा हे सांगता येतं. घरी नेला की तो शोकेसमधला दगड, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तो बाल्कनीत जाणार हेही ठरलेलं. आपल्याकडे देवघरातला शाळिग्राम हाही फॉसिलच, गंडकीतून आलेला, पण त्याची निदान रोज पूजा होते. वहिनींना फारसं पटलं नाही, पण ठेवला परत. शिवाय हा आता संरक्षित भाग आहे, फॉसिल उचलायला बंदी आहे, त्यामुळे इथे भावनेचा प्रश्नच येत नाही. पूर्वी लोक पोती भरून न्यायचे म्हणे आणि म्हणूनच आज रस्त्याजवळच्या उतारावर सुटे चांगले नमुने फारसे उरलेले नाहीत, दगडात घट्ट बसलेले आहेत तेच बघायचे.

अर्चिन नीट बघायचेच असतील तर बुहैसच्या पायथ्याशी जिऑलॉजी पार्कचं सेंटर आहे. त्याची इमारतच अर्चिनच्या फॉसिलवरून सुचलेली, पाच गोलसर घुमट एकमेकांना जोडलेले, बाहेरून धातूचे पत्रे. सरकारी म्युझियम म्हणजे धूळ आणि झोपलेला वॉचमन अशी माझी समजूत आपल्याकडच्या अनुभवावरून झालेली, ती इथे मोडली. ओफिओलाइट कसा चढला त्याचे मॉडेल आहेत, फॉसिल मांडलेली आहेत, आणि बाहेरच्या वाटेवरून तो खाली काळा आणि वर पांढरा असा जोड बघता येतो. माझं मत विचाराल तर आधी बाहेर जा, अर्धा तास काही न कळता दगडांशी झटापट करा, आणि मग आत जा. उलटं केलंत तर सगळं आधीच सोडवलेलं गणित बघितल्यासारखं होतं. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र आधी आत, एसी आहे, टॉयलेट आहे, मग बाहेर.

बाकी कामाच्या गोष्टी. ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने, त्याच्यानंतर दगड तापतो आणि बघायचा उत्साह राहत नाही. बुहैस आणि मलीहा दोन्हीकडे डांबरी रस्ता आहे, साधी सेडान चालते. फॉसिल रॉकच्या बाजूला वाळूत शिरायचं तर फोर बाय फोर पाहिजे, टायरची हवा कमी करा आणि एकटी गाडी नेऊ नका. आता तिथे कुंपण झालंय, तिकीट आणि वेळा बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या, आमच्या ओळखीचं एक कुटुंब गेटवरून परत आलंय. भिंग न्या, मुलांच्या शाळेच्या कंपासमधलं असेल तरी चालेल. पाण्याची एक बाटली प्यायला आणि एक दगडावर ओतायला. परतताना हवा भरायला स्वतःचा कंप्रेसर असला तर बरं, रविवारी संध्याकाळी पंपावर सगळं वाळवंट रांगेत उभं असतं.